हक्क जुना, मुदत थोडी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. समोर पोलीस खाते असले, तर ती अधिकच खरी वाटते. बेकायदा अटक झाली किंवा परवानगीवाचून कोणी आपल्या जमिनीत शिरले, तर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करण्याचा हक्क नागरिकाला पूर्वीपासून आहे. असे दावे बहुधा अडतात ते हक्क नसल्यामुळे नव्हे, मुदत आणि नोटीस यांमुळे. त्याचा इतिहास आपल्याच मुलखात सापडतो.

1921 साली मालेगावात दंगल झाली. सरकारने जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च रहिवाशांवर लादला. त्याविरुद्ध काही रहिवाशांनी दावा लावला. परंतु दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे नोटीस दिल्यानंतरचे दोन महिने पुरे होण्याची वाट पाहिली नाही. प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. 1927 मध्ये निकाल लागला : नोटिशीची अट अनिवार्य आहे, मनाई हुकुमाच्या दाव्यालाही तीतून सूट नाही. पुढे 1976 च्या दुरुस्तीने, तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीवाचून दावा लावण्याची सोय झाली.

त्या काळी धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई इलाख्यातच होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते म्हैसूर राज्यात गेले, तरी मुंबई पोलीस कायदा, 1951 येथे काही वर्षे चालू राहिला. त्याच्या कलम 161 प्रमाणे, पोलिसाने ‘कर्तव्याच्या आवरणाखाली’ केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांच्या आत दावा वा खटला दाखल करावा लागे. याच मुंबई-कर्नाटकातील एका हेड कॉन्स्टेबलवर खोटा पंचनामा केल्याचा आरोप झाला. विरूपाक्षप्पा कडमपूर यांच्या त्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पंचनामा करणे हे पोलिसाचे कर्तव्यच आहे; त्याच्या आडून केलेले वाईट कामही त्या आवरणाखालीच येते. सहा महिने उलटले होते. खटला मुदतीबाहेर गेला.

यावर उतारा लवकरच मिळाला. आत्माराम प्रकरणात, 1966 साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संशयिताला मारहाण करणे व डांबून ठेवणे याचा तपासाच्या अधिकाराशी संबंध नाही, म्हणून ते या संरक्षणात बसत नाही. हे दोन्ही खटले फौजदारी होते, पण कलम एकच असल्याने दिवाणी दाव्यांनाही तोच अर्थ लागू पडतो.

आज सीमेच्या दोन्ही बाजूंना नियम वेगळे आहेत. महाराष्ट्रात त्या जुन्या कलमाची सहा महिन्यांची मुदत कायम आहे. कर्नाटक पोलीस कायदा, 1963 च्या कलम 170 खाली मुदत एक वर्षाची, पण सरकारची पूर्वपरवानगी हवी. कर्तव्याशी संबंध असेल, तर अधिकाराचा अतिरेक झाला तरी ही परवानगी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या देवराज प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे कोल्हापूरचा पाहुणा ‘सहा महिने’ म्हणेल, आणि धारवाडचा वकील ‘आधी परवानगी’ म्हणेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

एक वाट मात्र या अटींनी अडत नाही. 1985 साली बेकायदा अटकेबद्दल काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना सर्वोच्च न्यायालयाने 50,000 रुपये भरपाई दिली, तीही दाव्याने नव्हे, रिट अर्जावर. आपल्या भागाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ 2008 साली आले, 2013 पासून ते कायम झाले.

म्हण चुकीची नाही, पण अपुरी आहे. पायरी चढायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. तारीख मात्र पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. हक्क झोपला, तर कायदा त्याला जागा करत नाही.