इंग्लंडमध्ये कृष्णवर्णीयांना मानसिक आजारातून सावरणं जास्त कठीण का जातं?

इंग्लंडमध्ये मानसिक आजारावर सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, मोफत उपचार मिळतात. तरीही 2022-23 मध्ये कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवलं जाण्याचं कृष्णवर्णीयांमधलं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट होतं.

असं का होतं?

लंडनच्या सेन्सबरी सेंटर फॉर मेंटल हेल्थ या संस्थेने 2002 च्या अहवालात भीतीचं एक चक्र मांडलं होतं. दवाखान्यात जबरदस्ती होईल, या भीतीने लोक मदत मागायला जात नाहीत. दुखणं बळावतं आणि शेवटी पोलिसांना बोलवावं लागतं. मग खरोखरच जबरदस्ती होते. घरचे ते पाहतात आणि पुढच्या वेळी आणखी थांबतात. कर्मचाऱ्यांनाही या रुग्णांची भीती वाटते, त्यामुळे औषधं आणि सक्ती यांवरच भर राहतो.

ही भीती निराधार नाही. 1998 मध्ये नॉर्विचमधल्या एका मानसोपचार केंद्रात डेव्हिड 'रॉकी' बेनेट यांना कर्मचाऱ्यांनी जमिनीवर दाबून धरलं आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. 2010 मध्ये 23 वर्षांचे ओलासेनी लुईस लंडनच्या रुग्णालयात पोलिसांनी दाबून धरल्यानंतर दगावले. रुग्णांवरच्या बळाच्या वापराला चाप लावणारा 2018 चा कायदा 'सेनीज लॉ' म्हणून ओळखला जातो, तो त्यांच्याच नावावरून.

घरी आल्यावर काय?

सावरणं म्हणजे फक्त लक्षणं जाणं नव्हे. घर, काम, जवळची माणसं आणि स्वतःच्या आयुष्याचे निर्णय पुन्हा हातात येणं, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हे घडतं वॉर्डाबाहेर, म्हणून वस्तीपातळीवरच्या सेवा महत्त्वाच्या.

पण इथेही एक मेख आहे. 2008 पासून 'कम्युनिटी ट्रीटमेंट ऑर्डर' लागू आहे. रुग्ण घरी राहतो, पण अटींवर, आणि त्याला पुन्हा रुग्णालयात बोलावता येतं. हे आदेशही कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात लागतात. म्हणजे नाव वस्तीतल्या सेवेचं, पण अनेकांना ती पाळत वाटते.

मग उपयोग कशाचा होतो?

विश्वासाच्या माणसाचा. 2018 मध्ये सर सायमन वेसली यांच्या समितीने रुग्णाची संस्कृती जाणणारा प्रतिनिधी त्याच्या बाजूने बोलायला द्यावा, अशी शिफारस केली. याच आजारातून गेलेल्यांचा सोबती म्हणून आधारही मोलाचा ठरतो. लंडनच्या लॅम्बेथ भागात 2016 पासून 'ब्लॅक थ्राइव्ह' ही संस्था स्थानिक लोक आणि सरकारी यंत्रणा यांना एकत्र बसवते.

नोकरीचा मुद्दाही मोठा आहे. 'आयपीएस' पद्धतीत रुग्ण पूर्ण बरा होण्याची वाट पाहत नाहीत. त्याला आवडीचं, पगाराचं काम आधी शोधून देतात आणि कामावर असताना पाठबळ सुरू ठेवतात.

2023 मध्ये एनएचएसने वांशिक समानतेची चौकट मानसिक आरोग्य ट्रस्टना बंधनकारक केली. सेवा कशी सुधारायची, हे ट्रस्टने रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसोबत बसून ठरवायचं आहे.