गार्डची कुळकथा

कर्नाटकाच्या महाराष्ट्र-सरहद्दीवरील भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण किंवा आळंद येथे बाजारपेठेच्या कडेला ग्रील, दरवाजे आणि पत्र्याच्या शेडचे सांगाडे घडविणाऱ्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत लोखंडी अँगल कापणारा जो ग्राइंडर अष्टौप्रहर घरघरत असतो, त्याच्या चकतीवरील अर्धगोल पोलादी कवच, ज्यास कारागीर नुसते गार्ड म्हणतात, ते अनेकदा काढून कोपऱ्यात टाकलेले आढळते. पावणेदोनशे वर्षांची परंपरा असलेल्या त्या कवचाची ही अवहेलना मला फार अस्वस्थ करते.

यंत्राच्या फिरत्या भागास कुंपण घालण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांना प्रथम झाली, कारण तेथील पट्ट्यांत आणि दांड्यांत स्त्रिया व मुले ओढली जात होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने धोक्याच्या यंत्रांभोवती कठडे बांधण्याचे बंधन आले, परंतु ते १०० किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यांपुरतेच होते. आणि १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्यांत साप्ताहिक सुटीच्या जोडीने अपघातात जखमी झालेल्यास भरपाई देण्याचीही मागणी होती, हे मराठी माणसाने विसरू नये. वरील गावांचे बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे मात्र निजामाच्या अमलाखाली असल्याने १८८१ चा तो कायदा येथे लागू नव्हता.

येथील धातुकाम मुळात हाताचे. बिदरीचा कारागीर जस्त-तांब्याच्या ओतीव भांड्यावर छिन्नीने नक्षी खोदून त्यात चांदी ठोकतो आणि छिन्नीचा वेग त्याच्या मनगटाच्या स्वाधीन असतो. पुढे गुलबर्गा जिल्ह्यातील शहाबादेस सिमेंटचा कारखाना आला, १९५९ मध्ये बॉयलर व सिमेंटची यंत्रे बनविणारी एसीसी-व्हिकर्स-बॅबकॉक कंपनी स्थापन झाली, आणि तेथवर १९४८ चा कारखाना कायदा पोहोचला होता. त्याचे कलम २१ कुंपण मागत असे, कलम ३५ डोळ्यांचे रक्षण मागत असे, आणि कलम ३० तर घर्षणचक्राजवळ त्याच्या कमाल सुरक्षित वेगाची सूचना लावण्यास सांगत असे.

ती सूचना का, हे समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत अ‍ॅचेसन नावाच्या संशोधकाने १८९१ मध्ये कार्बोरंडम तयार केले आणि कृत्रिम अपघर्षकांचे युग सुरू झाले; जर्मनीतील आकरमान उंड श्मिट कंपनीने १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर बाजारात आणला, आणि कारखान्याच्या चौथऱ्यावरचे चाक कारागिराच्या हाती आले. राळेने बांधलेली आणि काचतंतूंच्या जाळीने बळकट केलेली ही चकती सामान्यतः सेकंदाला ८० मीटर इतक्या कडेच्या वेगापर्यंतच निर्धोक असते. पाच इंची यंत्र मिनिटास ११,००० फेरे घेते, तेव्हा पाच इंची चकती या मर्यादेत राहते. सात इंची चकतीचे भोक त्याच मापाचे असल्याने ती त्याच यंत्रावर सहज बसते, पण गार्ड आड येतो, म्हणून तो काढला जातो. तिच्या कडेचा वेग मग १०४ मीटरवर जातो, आणि आतील ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने मर्यादेच्या सुमारे पावणेदोनपट होतो. ज्या क्षणी चकती फुटण्याची भीती सर्वाधिक, नेमक्या त्याच क्षणी तिच्या आणि कारागिराच्या चेहऱ्याच्या मध्ये काहीच उरत नाही. ओल लागलेली किंवा मुदत संपलेली चकती याहूनही बेभरवशाची. मुदत तिच्या मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली असते.

वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असल्याखेरीज १९४८ चा कायदा लागू होत नसे, आणि २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेने ही संख्या २० वर नेली, म्हणजे दोघा-तिघांचा गाळा कायद्याच्या कक्षेपासून अधिकच दूर गेला. जुन्या कायद्याच्या कलम ८५ ने राज्य सरकारला लहान जागांनाही तरतुदी लागू करण्याचा अखत्यार दिला होता. तो या सरहद्दीवरील तालुक्यांतील गाळ्यांसाठी हिरिरीने वापरला जायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे. आणि पाच इंची यंत्र घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती सात इंची चकती ठेवण्यापूर्वी दुकानदाराने चकतीवरील फेऱ्यांचा आकडा यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहावा, यासाठी कोणत्याही सरकारी फर्मानाची गरज नाही.