एकट्याचें वाहन



अलिबाग, नागांव, काशीद ह्या किनाऱ्यांवर सुटीच्या दिवशीं जो गेला असेल, त्यानें तें वाहन पाहिलेंच असेल. चार फुगीर टायर, मध्यें खोगिरासारखी बैठक, आणि धरावयास मोटारसायकलीचा दांडा. कोणी त्यास एटीव्ही म्हणतात, कोणी क्वाड. आमच्या वीर गांवाहून समुद्र दूर आहे. महाडास जाणारे उतारू येथें रेल्वेंतून उतरतात आणि भातखाचरांकडे पाहत पुढें निघून जातात. तरीही सहलीहून परतलेलीं येथलीं मुलें रायगड किल्ल्याच्या बरोबरीनें ह्या वाहनाच्या गोष्टी सांगतात. ह्यावरून हें यंत्र जगांत चढतीवर असावें असा कोणाचाही समज होईल. वस्तुस्थिति निराळी आहे. किनाऱ्यावर दिसतें तें ह्या घराण्याचें साधें भावंड होय. घराण्याचा जो मानकरी, म्हणजे केवळ शर्यतीसाठीं व वेगाच्या हौसेसाठीं घडविलेला क्वाड, तो गेलीं पंधरा-वीस वर्षें मागें मागें हटत आहे. त्याची ही उतरती कळा कशी लागली, हें आज सांगावयाचें आहे.

ह्या वाहनाचा जन्म एका व्यापारी अडचणींतून झाला. अमेरिकेंत हिवाळा आला कीं मोटारसायकलींची विक्री थंडावे. तेव्हां होंडा कंपनीच्या तेथील शाखेनें १९६७ सालीं जपानकडे मागणी केली कीं, त्या दिवसांत खपेल असें कांहींतरी द्या. ओसामू ताकेउची ह्या अभियंत्यानें दोन चाकांपासून सहा चाकांपर्यंतच्या रचना करून पाहिल्या आणि अखेर तो तीन चाकांवर स्थिरावला. टायर मोठे व मऊ, आंत हवेचा दाब अगदीं थोडा. त्यामुळें तें चाक बर्फांत किंवा वाळूंत रुतत नसे. उंटाचें पाऊल पसरट असतें तें ह्याच कारणानें. १९७० सालीं ही तीनचाकी बाजारांत आली आणि दुसऱ्याच वर्षीं जेम्स बाँडनें पडद्यावर तिच्यावर स्वारी केली. मग तिला आणखी जाहिरात कशाला हवी!

येथें थोडें यंत्रशास्त्र सांगितल्यावांचून पुढचा इतिहास उमगणार नाहीं. मोटार वळते तेव्हां बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. म्हणून मोटारीस डिफरन्शियल नांवाची दांत्यांची जुळणी असते. तिच्यामुळें दोन चाकें निरनिराळ्या गतीनें फिरूं शकतात. ह्या हौशी वाहनांत मात्र मागचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. दोघांनाही सारखेंच फिरावें लागत असल्यामुळें गाडीचा ओढा सरळ जाण्याकडे असतो, आणि तिला वळवावयाची तर स्वारानें आपलें अंग वळणाच्या आंतल्या बाजूस झोकावें लागतें. अर्थात् स्वार हा नुसता उतारू नसून यंत्राचाच एक भाग असतो. बैठक लांब दिसते ती दुसऱ्या माणसासाठीं नव्हे. स्वारास पुढें-मागें सरकतां यावें म्हणून ती तशी असते.

तीनचाकीवर हें कसब न साधणारे उलटूं लागले, आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. बोभाटा वाढला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९८८ सालीं पांच कंपन्यांनीं सरकारशीं दहा वर्षांचा करार केला. त्या करारानें नव्या तीनचाकीची विक्री बंद झाली. आणि ९० सी.सी. हून मोठें यंत्र सोळा वर्षांखालील मुलासाठीं नाहीं, असें ठरलें. तीनचाकी गेली ती अशी कायद्याच्या धाकानें. तोंपर्यंत चार चाकांचा अवतार पुढें आलाच होता. सुझुकीनें १९८२ सालीं पहिला क्वाड विकला आणि १९८५ सालीं खास शर्यतीचा काढला. पुढच्या वर्षीं होंडा, त्यापुढील वर्षीं यामाहाची बॅन्शी. अपकीर्तीच्या त्या दिवसांत इतरांनीं एकेक करून माघार घेतली. होंडाचा तो क्वाड १९८९ त, सुझुकीचा १९९२ त थांबला. एकटी बॅन्शी टिकून राहिली. करार १९९८ सालीं संपल्यावर पुन्हा भरती आली. २००४ ते २००८ ह्या काळांत यामाहा, होंडा, सुझुकी, कावासाकी ह्या चौघांचेही ४५० सी.सी.चे शर्यती क्वाड बाजारांत होते. तो ह्या खेळाचा सुवर्णकाळ.

मग घसरण लागली. २००८ ची आर्थिक मंदी हें तिचें कारण सांगतात. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. कारण त्याच सुमारास क्वाडहून कितीतरी महाग असलेलें एक वाहन धडाक्यानें खपूं लागलें. यामाहानें २००४ सालची ऱ्हायनो व पोलॅरिसनें २००८ सालची आरझेडआर काढली, तीं ह्या जातीचीं. त्यांत दोघे शेजारीं शेजारीं बसतात, कमरेस पट्टा असतो, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो आणि हातांत मोटारीचें चक्र असतें. अंग झोकण्याची विद्या शिकावी लागत नाहीं, आणि मुख्य म्हणजे बायको किंवा मुलगा बरोबर येऊं शकतो. क्वाडचा मालक मजा करी तेव्हां घरचीं माणसें धूळ खात उभीं राहत. माझ्या मतें क्वाडचा पराभव ह्या एका गोष्टींत आहे. होंडा आणि कावासाकी ह्यांचे ते ४५० सी.सी.चे क्वाड २०१४ पर्यंतच टिकले. यामाहानें मात्र ही परंपरा सोडली नाहीं, हें तिच्या चिकाटीचें लक्षण म्हटलें पाहिजे.

डाकार शर्यतीचें उदाहरण ह्या दृष्टीनें बोलकें आहे. तेथें क्वाडला २००९ सालीं स्वतंत्र वर्ग मिळाला. अर्जेंटिनाच्या मार्कोस आणि अलेहांद्रो पात्रोनेली ह्या भावांनीं २०१० ते २०१६ ह्या काळांत मिळून पांच वेळां त्यांत जय मिळविला. २०१७ सालीं शेजारीं शेजारीं बसण्याच्या गाड्यांसही वर्ग दिला गेला. क्वाडचे स्पर्धक पुढें बोटांवर मोजण्याइतके उरले, आणि २०२४ ची शर्यत ही त्यांची तेथील शेवटची ठरली. कोणत्याही न्यायालयानें बंदी घातलेली नसतां वर्ग मिटला.

आतां आमच्या जिल्ह्याकडे पाहा. अलिबागच्या ज्या वाळूवर हीं भाड्याचीं यंत्रें फिरतात, त्याच वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानें ७ मे २०१४ रोजीं त्यांवर बंदी आणली. १६ डिसेंबर २०२१ रोजीं अटींवर परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य धरला. चाबूक आणि पराणी मला कधींच मानवली नाहीं, आणि बंदीमागील कळवळा खोटा होता असें मी म्हणणार नाहीं. परंतु साडेसात वर्षें निषिद्ध असलेला खेळ परवानगी मिळतांच उभा राहिला, तो कां? गाडीवर हांकणारा एकटाच असतो खरा. पण बैलास वैरण घालणारा, धुणारा, पोळ्यास शिंगें रंगविणारा सारा वाडा त्या गाडीमागें उभा असतो. क्वाडमागें असें कोणी नव्हतें.

किनाऱ्यावर मात्र गोष्ट उलटी होते. येथें ह्या एकट्याच्या वाहनावर आई, बाप आणि मध्यें लहान मूल असें अख्खें कुटुंब बसतें. दोघांसाठीं मुद्दाम घडविलेल्या लांब बांध्याच्या गाड्या निघतात, त्या वेगळ्या. एरवीं मागें माणूस बसलें कीं स्वारास सरकतां येत नाहीं, अंग झोकतां येत नाहीं, आणि भार मागें गेल्यानें चढावर पुढचीं चाकें उचलतात. म्हणून अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या क्वाडवर कारखान्यांतूनच सूचनेची चिठ्ठी डकविलेली असते, आणि एकासनी क्वाडच्या चिठ्ठींत दुसरें माणूस बसवूं नये असें स्पष्ट बजावलेलें असतें. पुढच्या सुटींत मुलास वर चढविण्यापूर्वीं ती चिठ्ठी गाडीवर शोधावी. नसेल तर, ही गाडी किती माणसांची, एवढें तरी भाड्यानें देणाऱ्यास विचारावें, आणि शिरस्त्राण मागून घ्यावें.