जलवृक्क, बालकांतील

मूत्राच्या वाटेत अडथळा आल्याने किंवा मूत्राशयातील मूत्र उलटे चढल्याने मूत्रपिंडाची द्रोणी (मूत्र गोळा होण्याची जागा) व तिला जोडलेल्या पोकळ्या फुगणे. पालकांच्या बोलण्यात ही ‘किडनीला सूज’. शब्द फसवा आहे : सुजेत दाह असतो, येथे तुंबलेले पाणी असते. त्यामुळे सूज उतरवण्याचे औषध पुष्कळदा मागितले जाते, आणि तसे औषध नाही.

पूर्वी हा विकार पोटातील गाठ किंवा वारंवार येणारा ताप यांवरून कळे. आता तो बहुधा जन्मापूर्वीच सोनोग्राफीत दिसतो. शंभर गर्भांमागे १ ते ५ गर्भांत आढळतो, असे मानतात. यांतील बऱ्याच बाळांचा फुगवटा आपोआप ओसरतो.

कारणे : खऱ्या अडथळ्याचे सर्वांत नेहमीचे ठिकाण म्हणजे द्रोणी व मूत्रवाहिनी यांचा सांधा. तान्ह्या बाळात तेथील स्नायूंचा एक तुकडा मूत्र पुढे ढकलत नाही. थोड्या मोठ्या मुलात मूत्रपिंडाच्या खालच्या भागाकडे जाणारी रक्तवाहिनी सांध्यावरून आडवी गेलेली असते. असे मूल अधूनमधून कुशीत दुखते म्हणून कळवळते, ओकते, आणि चार दिवसांनी खेळायला लागते. जंताचे औषध देऊन वर्ष काढलेली मुले यांत असतात. अरुंद तुकडा कापून सांधा नव्याने जोडण्याची अँडरसन-हाइन्स शस्त्रक्रिया १९४९ पासूनची असून आजही तीच प्रमाण आहे. ती कोणावर व केव्हा करावी, याविषयी मतभेद आहेत.

मूत्रमार्गातील पश्च झडपा फक्त मुलग्यांत असतात. दोन्ही मूत्रपिंडे फुगतात, मूत्राशयाची भिंत जाड होते, लघवीची धार बारीक पडते. प्रथम नळी घालून मूत्राशय मोकळा करतात, मग दुर्बिणीतून झडप जाळतात. तरी मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका पुढे वर्षानुवर्षे राहतो. येथे एक कायदेशीर अडचण येते. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये केला. गर्भाच्या अहवालात ‘झडप’ लिहिणे म्हणजे मुलगा आहे असे सांगणेच.

मूत्राशयातून मूत्र उलटे चढणे (प्रत्यावहन) हे दुसरे मोठे कारण. ते घराण्यात चालते.

मूत्रवाहिनीचे खालचे टोक अरुंद असणे, तेथे फुगा असणे, दुहेरी मूत्रवाहिनी, मेरुमणक्याच्या जन्मजात फटीमुळे निकामी झालेला मूत्राशय, ही इतर कारणे. मुतखडा हेही कारण : तो मुलांतही होतो.

निदान : सोनोग्राफी फुगवटा दाखवते, अडथळा सिद्ध करत नाही. त्यासाठी किरणोत्सारी टेक्नेशियम वापरून मूत्रपिंड किती वेगाने रिकामे होते, हे मोजतात. या तंत्राचे मुंबईतील मूळ घर परळ आहे : भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र तेथे १९६३ मध्ये सुरू झाले. लघवी करताना घेतलेल्या क्ष-किरण चित्रात झडपा व प्रत्यावहन दिसते.

जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी ४८ तासांनंतर करतात, कारण सुरुवातीला बाळाला लघवी कमी होते व फुगवटा लपतो. झडपांचा संशय असल्यास मात्र थांबत नाहीत.