ओरखड्यापाशीं येणें

एखादें काम यथायोग्य उतरलें नाहीं म्हणजे तें 'अप् टु स्क्रॅच' नाहीं, असें इंग्रज म्हणतात. स्क्रॅच म्हणजे ओरखडा; त्याचा आणि कामाच्या गुणाचा संबंध काय, अशी शंका आमच्या वाचकांस येणें साहजिक आहे. तिचें समाधान शब्दकोशापेक्षां इंग्लंडांतील जुन्या मुष्टियुद्धाच्या नियमांत अधिक होतें.

जॅक ब्रॉटन ह्या मुष्टियोद्ध्यानें १७४३ सालीं ह्या खेळाचे पहिले लेखी नियम घातले. मंचाच्या मध्यभागीं खडूनें एक वार लांबीरुंदीचा चौकोन आंखावा. पडलेल्या गड्यास मदतनिसानें अर्ध्या मिनिटांत त्याच्या कडेशीं आणून उभें करावें. तसें न झाल्यास तो हरला. पुढें चौकोनाऐवजीं जमिनीवर ओढलेली एक रेघच राहिली. फेरी म्हणजे कोणी तरी पडेपर्यंतची झुंज, आणि फेऱ्यांची संख्या ठरलेली नसे. १८३८ च्या नियमांनीं मदतनिसाचा हात काढून घेतला. तीस सेकंद विश्रांति, मग आठ सेकंदांत स्वतःच्या पायांनीं रेघेपाशीं येणें. शुद्ध हरपलेल्यास पुढें ढकलण्याची सोय गेली, म्हणून ह्या नियमांत दया आहे असें प्रथम वाटतें. परंतु ज्यास कसेंबसें चालवतें, त्याचा पुन्हां मार खाण्याचा हक्क शाबूतच राहतो! सुजून मिटलेल्या डोळ्यांनीं ती रेघ शोधणाऱ्या माणसाचा हा शब्द आज शाळकरी मुलाच्या निबंधासही लावतात.

शरणागतीच्या शब्दाची गंमत निराळीच आहे. गड्याचें रक्त पुसण्याचा स्पंज मदतनीस वर फेंकी, म्हणजे झुंज संपे. पुढें स्पंजाच्या जागीं टॉवेल आला. फेंकणारा दुसरा आणि वांचणारा दुसरा. व्यवहारांत मात्र जो हात टेंकतो त्यानेंच टॉवेल फेंकला असें म्हणतात, आणि मदतनिसाची कणव अर्थांतून साफ गळून जाते.

ह्या बोलीचा मोठा भाट पिअर्स ईगन. त्याच्या 'बॉक्सियाना'चा पहिला भाग १८१२ सालीं निघाला. रक्तास 'क्लॅरेट', म्हणजे तांबडें मद्य, म्हणण्याची ह्या मंडळींची रीत आम्हांस तरी रुचत नाहीं.

१८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनीं तीन मिनिटांची फेरी, एक मिनिटाची विश्रांति व पडलेल्यास दहा सेकंदांची मुदत ठरविली. फेरीची वेळ घंटेनें कळूं लागली, आणि 'घंटेनें वांचला' हा प्रयोग आला. जिवंतपणीं पुरलेल्या माणसासाठीं शवपेटीस घंटा बांधीत, त्यावरून तो निघाला, ही कथा पुष्कळ सांगतात. तशा पेट्या कल्पिल्या गेल्या हें खरें. पण हा प्रयोग त्यांतून आलेला नाहीं. वांचला तो दहा आंकडे पुरे होण्यापूर्वीं घंटा ऐकूं आलेला गडी.