दोन किरणांची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर, सेलू वा गंगाखेडच्या एखाद्या तरुणाचा उणे आठ-नऊ नंबरचा चष्मा भरतीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने लेसरने उतरवावयाचे ठरले, की घरची मंडळी त्याला पुण्याला, किंवा निजामाच्या अमदानीपासून परभणीकरांच्या जाण्यायेण्यातल्या हैदराबादला घेऊन जातात. आणि चष्मा उतरला म्हणजे डोळ्याचा दोषही मुळासकट गेला अशी सर्वांची खातरजमा होते. या समजुतीने दृष्टीवर केवढे संकट ओढवू शकते, हे या विद्येची कुळकथा पाहिली म्हणजे ध्यानात येते.

प्रकाशाने नेत्रोपचार करण्याचा प्रारंभ चष्म्यासाठी झालाच नाही. तो झाला डोळ्याच्या मागच्या पडद्यासाठी. सुटलेला पडदा म्हणजे कायमचे अंधत्व, हा वैद्यांचा जुना निवाडा स्वित्झर्लंडमधील लोझानच्या ज्यूल्स गोनँ यांनी १९२० च्या सुमारास फिरविला. पडद्याला पडलेले छिद्र हेच व्याधीचे मूळ, असे ओळखून त्यांनी ते तापल्या शलाकेने डागून बंद केले. पुढे १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजून घेतलेला रुग्ण जर्मनीतील गेर्ड मायर-श्विकेराट यांच्या पाहण्यात आला, आणि जो प्रकाश पडदा जाळतो तोच मोजून-मापून टाकला तर छिद्राभोवती डाग देऊन पडदा जखडूनही ठेवील, या विचाराने त्यांनी १९४९ साली हॅम्बुर्ग येथे आरशांच्या योगे प्रत्यक्ष सूर्यकिरणच रुग्णाच्या डोळ्यात उतरविले. सूर्याची जागा पुढे झेनॉनच्या दिव्याने आणि दिव्याची लेसरने घेतली.

दुसरे कुळ बुबुळावरील पारदर्शक पटलाचे. त्या पटलाचा आकार पालटून नंबर घालविण्याची कल्पना बोगोटाच्या होझे बाराकेर यांनी, योगायोगाने १९४९ सालीच, मांडली. परंतु तिला हवे तसे सूक्ष्म हत्यार मिळाले ते मद्रासेत जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत सहकाऱ्यांसह एक्सायमर लेसरने पेशीजाल न भाजता कोरून दाखविले तेव्हा. स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये हा किरण नेत्रपटलाकडे वळविला, आणि क्रीटच्या पालिकारिस यांनी पापुद्रा उचलून त्याखाली किरण चालविण्याची रीत घालून दिली.

हा दुसरा किरण पटलातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोहोचत नाही. मग लेसरने चष्मा उतरविलेल्या एखाद्याचा पडदा फाटतो तो कशाने? साधारण २४ मिलिमीटर लांबीचा डोळा तीव्र ऱ्हस्वदृष्टीत २६ मिलिमीटर वा त्याहून लांब झालेला असतो, त्यामुळे पडदा ताणला जाऊन कडांशी विरतो. आणि शस्त्रक्रियेने पुढचे पटल सपाट होते, मागची लांबी तशीच राहते. पापुद्रा कापताना डोळा धरून ठेवणाऱ्या कड्याचा दाब आतल्या द्रवाला ओढ देत असावा, असा संशय घेतला गेला. पण लेसरनंतर पडदा सुटण्याचे प्रमाण अत्यल्पच आढळले आहे, आणि माझ्या मते दोषाचा मोठा वाटा मूळच्या लांब डोळ्याकडेच जातो.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी बाहुली विस्फारणारे थेंब घालून पडद्याच्या कडा तपासून घ्याव्यात. छिद्र निघाल्यास आधी पहिल्या कुळातल्या किरणाने त्याचा बंदोबस्त करावा, मगच दुसऱ्याकडे वळावे. नंतरही ही तपासणी दरसाल करावी. डोळ्यात वीज चमकल्यासारखे झाले, एकाएकी काळे ठिपके तरंगू लागले किंवा एका बाजूने सावली सरकू लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्रीच्या गाडीने पडद्याच्या शल्यतज्ज्ञाकडे निघावे. आणि जुन्या नंबरची चिठ्ठी घरच्या दप्तरात जन्मभर जपून ठेवावी. कारण शून्य नंबर पाहणाऱ्या नव्या डॉक्टरला हा डोळा मुळात किती लांब आहे याची सूचना तीच देईल, आणि उतारवयात मोतीबिंदू काढून कोणत्या शक्तीचे भिंग बसवावे याच्या गणितालाही तिचा उपयोग होऊ शकेल.