राउटिंग, ब्राउझरमधील (क्लायंट-साइड राउटिंग)

वेब-अॅपमध्ये पान बदलताना सर्व्हरकडून नवे एचटीएमएल न मागवता, जावास्क्रिप्टनेच पत्ता आणि पडद्यावरचा मजकूर बदलण्याची पद्धत. वापरणारा कोणत्या पानावर आहे, कोणते फिल्टर लावले आहेत, यादीत कुठवर आला आहे, याला ‘नेव्हिगेशन स्टेट’ म्हणतात.

इतिहास : आरंभी पत्त्यातील # पुढचा भाग वापरत, तो सर्व्हरकडे जातच नाही. ट्विटरने 2010 मध्ये ‘#!’ची पद्धत घेतली आणि 2012 मध्ये सोडली. एचटीएमएल5च्या हिस्टरी एपीआयमुळे ही तडजोड संपली. रिअॅक्ट राउटर 2014 चा.

बंगळूर : फ्लिपकार्ट या ऑनलाइन विक्री कंपनीचे मुख्यालय येथे आहे. 2015 मध्ये कंपनीने मोबाइल संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना अॅपकडे वळवले. नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ या वेब-अॅपने ते परत आणले. गूगलने दिलेल्या माहितीनुसार त्याचे 63 टक्के वापरकर्ते टूजीवरून येत, आणि संकेतस्थळावरचा वेळ 70 सेकंदांवरून साडेतीन मिनिटांवर गेला. हे श्रेय सर्व्हिस वर्करसह (ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीत चालणारी स्क्रिप्ट) संपूर्ण बदलाचे, एकट्या राउटिंगचे नव्हे.

बॅकचे बटण : राउटिंगची खरी परीक्षा येथे होते. साड्यांच्या यादीत ‘हिरवा’ आणि ‘2000 पर्यंत’ हे फिल्टर लावून चाळिसावी साडी उघडली, तर बॅक दाबल्यावर तीच यादी त्याच जागी दिसली पाहिजे. फिल्टर केवळ मेमरीत असतील तर रिफ्रेश करताच ते जातात. लिंक बहिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवली तर तिला हिरव्या साड्या दिसत नाहीत. म्हणून फिल्टर पत्त्यातच लिहावेत. शोधचौकटीत टाइप होणाऱ्या प्रत्येक अक्षराला ‘पुशस्टेट’ (हिस्टरीत नवी नोंद) केले तर बाहेर पडायला तितक्याच वेळा बॅक दाबावे लागते; तेथे ‘रिप्लेसस्टेट’ (चालू नोंदच बदलणे) वापरावे. ‘पुशस्टेट’ केल्याने ‘पॉपस्टेट’ इव्हेंट येत नाही, तो मागे-पुढे गेल्यावर येतो. नवशिके येथेच अडतात.

सर्व्हर : अॅपमधल्या प्रत्येक मार्गाला तीच मूळ फाइल द्यावी, नाहीतर आतल्या पानावर रिफ्रेश करताच 404 येतो.

सुलभता : पान बदलल्यावर फोकस नव्या शीर्षकावर न्यावा, म्हणजे स्क्रीन-रीडरला बदल कळतो.

मराठी पत्ते : देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेते आणि पत्त्यात त्याची नऊ अक्षरे होतात. काना-वेलांटी धरून पाच चिन्हांचा ‘मराठी’ हा शब्द पत्त्यात 45 अक्षरांचा होतो.